कोणीतरी, कुठेतरी

नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनापाशी लेखकाला आठव्या स्तोत्रातल्या ओळी हव्या असतात. मनुष्य तो काय, की तू त्याची आठवण करावी? ज्याला शास्त्र थोडंफार ठाऊक आहे त्याला ही ओळ कुठली हे सांगावं लागत नाही. या लेखकाला तर स्तोत्रं तोंडपाठ असणार. पुढचं पानभर विवेचन त्याने याच ओळींवर उभं केलं आहे. तरी ती देताना तो एवढंच म्हणतो की कोणीतरी कुठेतरी साक्ष दिली आहे. स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या दाविद राजाचं नाव नाही, स्तोत्राचा उल्लेखही नाही.

हे एकदाच झालं असतं तर सोडून देता आलं असतं. पण आठव्या अध्यायात तो यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातला, देव नवा करार करील असं सांगणारा उतारा देतो. अख्ख्या नव्या करारात जुन्या करारातून घेतलेला इतका लांब उतारा दुसरा नाही, आणि तिथेही यिर्मयाचं नाव येत नाही. देव म्हणतो, पवित्र आत्मा म्हणतो, तेही वर्तमानकाळात, जणू बोलणारा आत्ता समोर उभा आहे. दाविदाचं नाव अवतरणाच्या संदर्भात येतं ते चौथ्या अध्यायात एकदाच. वचन कुणाच्या हातून लिहिलं गेलं याकडे या माणसाचं लक्षच नाही. आणि नेमकं त्याच्याच लिखाणाबद्दल लोक अठराशे वर्षं विचारत आले आहेत, की हे लिहिलं कुणी?

हे पत्र शतकानुशतकं प्रेषित पौलाचं मानलं गेलं. त्याच्या नावावरची बाकीची तेरा पत्रं घ्या. प्रत्येकाचा पहिला शब्द त्याचं नाव आहे. त्या काळची पत्राची रीतच ती होती, आधी पाठवणारा, मग घेणारा, मग नमस्कार. इब्री पत्राला हे काहीच नाही. सुरुवात होते ती देव पूर्वी आपल्या पूर्वजांशी कसा बोलला इथून, आणि पहिलं वाक्य ग्रीकमध्ये चार वचनं ओलांडून थांबतं. पोलुमेरोस, पोलुत्रोपोस, पालाइ, पात्रासिन, प्रोफेताइस. पहिल्याच वचनात ‘प’ने सुरू होणारे पाच शब्द. हे डोळ्यांसाठी लिहिलेलं नाही. सभेत उभं राहून वाचण्यासाठी, कानांसाठी लिहिलं आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासक याला पत्र न मानता प्रवचन मानतात, आणि लेखकही शेवटी आपल्या लिखाणाला बोधाचं वचन म्हणतो. शेवट मात्र पत्रासारखा आहे. आपला बंधू तीमथ्य सुटला आहे, तो लवकर आला तर त्याच्याबरोबर मी तुम्हाला भेटेन. इटलीचे लोक तुम्हाला सलाम सांगतात. बस्स, एवढाच पत्ता. आणि ‘इटलीचे लोक’ म्हणजे इटलीत बसलेले की इटली सोडून दूर गेलेले, हेही त्या शब्दांवरून ठरत नाही.

माझी आत्या नगरला शब्बाथ शाळेत शिकवायची. तिला विचारलं, की आत्या, याला नाव का नाही? ती म्हणाली, “अगं, पौलाचंच आहे. तीमथ्य दुसऱ्या कुणाचा होता?” तिच्या उत्तराला मी कमी लेखत नाही. ख्रिस्ती मंडळीनेही शतकानुशतकं जवळजवळ याच खुणेवर भिस्त ठेवली. तीमथ्य हा पौलाचा लाडका सहकारी, तेव्हा पत्र त्याच परिघातलं, इथवर आत्याचं बरोबरच होतं.

अडचण येते ती त्याच दुसऱ्या अध्यायात, तिसऱ्या वचनाशी. लेखक म्हणतो, तारणाची गोष्ट आधी प्रभूने सांगितली आणि ज्यांनी ती ऐकली त्यांनी ती आमच्यापर्यंत खात्रीने पोचवली. म्हणजे हा माणूस दुसऱ्या पिढीचा. त्याने ऐकणाऱ्यांकडून ऐकलं. आता पौल गलतीकरांना काय सांगतो ते आठवा. माझी सुवार्ता मला कुणा माणसाकडून मिळालेली नाही, मला ती कुणी शिकवली नाही, ती प्रत्यक्ष येशू ख्रिस्ताने प्रकट केली. हे तो चिडून, पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचं प्रेषितपणच त्यावर उभं होतं. त्या पौलाने इब्री पत्रातलं हे वाक्य लिहिलं नसतं. सोळाव्या शतकात ल्यूथर आणि कॅल्व्हिन या दोन्ही धर्मसुधारकांनी याच वाक्यावर बोट ठेवलं. माझ्यासाठीही पौलाचा प्रश्न इथेच मिटतो. शैली, शब्दसंपदा हे पुरावे नंतरचे.

पण भाषेचा पुरावा सगळ्यांत आधी ज्यांच्या कानाला खटकला ते लोक इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे होते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तिथे क्लेमेंट शिकवत होता. त्याचं म्हणणं, पौलाने हे हिब्रूत लिहिलं आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने ग्रीकमध्ये आणलं. तोडगा हुशारीचा आहे, टिकणारा नाही. दहाव्या अध्यायात लेखक चाळिसावं स्तोत्र घेतो आणि ‘तू माझ्यासाठी शरीर सिद्ध केलंस’ या शब्दांवर ख्रिस्ताच्या देहार्पणाचा विचार मांडतो. हिब्रू स्तोत्रात तिथे शरीर नाहीच, कान आहेत. शरीर आहे ते सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या यहूद्यांच्या ग्रीक शास्त्रात. जो युक्तिवाद ग्रीक पाठावाचून उभाच राहत नाही, तो आधी हिब्रूत लिहिला गेला असेल कसा?

क्लेमेंट एका ‘धन्य वडिलां’चं मतही नोंदवतो. प्रभू स्वतःच इब्री लोकांकडे पाठवलेला प्रेषित, म्हणून पौलाने नम्रतेने आपलं नाव घातलं नाही, असं ते मत. हे वडील म्हणजे बहुधा त्याचा गुरू पँटेनस. या पँटेनसपाशी मी नेहमी रेंगाळते, कारण मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस लिहितो की तो हिंदुस्थानात गेला होता आणि येशूचा शिष्य बर्थलमय याने मागे ठेवलेलं, हिब्रू लिपीतलं मत्तयाचं शुभवर्तमान त्याला तिथे सापडलं. त्या काळी ग्रीक लोक ‘इंडिया’ हा शब्द अरबस्तानापासून इथिओपियापर्यंत कुठेही वापरत, त्यामुळे यावर वाद आहे. पण सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ या बंदरात ख्रिस्ती लोक आणि पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलं, आणि अनेक अभ्यासक ते बंदर म्हणजे आपलं कल्याण मानतात. बर्थलमय याच किनाऱ्याला उतरला असं मानणारेही आहेत. मला ते सिद्ध करायचं नाही. इब्री पत्राला नाव का नाही, या प्रश्नाचं आपल्यापर्यंत आलेलं सर्वांत जुनं उत्तर ज्याच्या तोंडी आहे, त्याच्याबद्दल तो आपल्या बाजूला येऊन गेल्याची कथा सांगतात, एवढंच मला मोलाचं वाटतं.

क्लेमेंटनंतरचा, अलेक्झांड्रियाचाच ओरिजेन. ग्रीक ही त्याची हाडीमासी भिनलेली भाषा होती. त्याने सांगितलं, की विचार प्रेषिताच्या तोलाचे आहेत, पण रचना पौलाची नाही. ग्रीकचे बारकावे ज्याला कळतात तो हे मान्य करील. मग तो पुढे म्हणतो, जी मंडळी हे पौलाचं मानते तिला दोष देऊ नये, जुन्या लोकांनी तसं सांगितलं ते उगाच नव्हे. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, की पत्र खरोखर कुणी लिहिलं हे देवालाच ठाऊक. हे वाक्य खांदे उडवल्यासारखं वापरलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. ओरिजेनने आधी सगळा पुरावा तपासला, लूकचं आणि रोमच्या, वेगळ्याच एका क्लेमेंटचं नाव घेणाऱ्यांची मतंही नोंदवली, आणि जिथे पुरावा संपला तिथे तो थांबला. त्या काळी मोठ्या नावावर ग्रंथ खपवणं किती सोपं होतं हे लक्षात घेतलं, तर असं थांबायला केवढा प्रामाणिकपणा लागला असेल!

पश्चिमेकडे गोष्ट वेगळीच चालली होती. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा तर्तुलियन हे पत्र पौलाचा सहकारी बर्णबा याचं आहे असं बिनदिक्कत सांगतो. त्यात तथ्य नाही असं नाही. बर्णबा लेवी होता, म्हणजे याजकी सेवेच्या घराण्यातला, आणि या पत्रात याजकपण, यज्ञ, निवासमंडप यांशिवाय दुसरा विषय जवळजवळ नाही. त्याच्या नावाचा अर्थ मराठी बायबलमध्ये बोधपुत्र असा दिला आहे, आणि पत्र स्वतःला बोधाचं वचन म्हणवतं. पण तर्तुलियनला बर्णबा हवा होता तो सहाव्या अध्यायासाठी. एकदा प्रकाश मिळाल्यावर जे पतित झाले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं तिथे लिहिलं आहे. व्यभिचाऱ्यांना मंडळीने परत घेऊ नये हे त्याला ठसवायचं होतं, आणि त्यासाठी प्रेषितांच्या जवळच्या माणसाची साक्ष हवी होती.

पुढे २५० साली डेसियस बादशहाच्या छळात कितीतरी ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवण्यासाठी रोमन देवांपुढे धूप जाळला, आणि छळ ओसरल्यावर रडत परत आले. त्यांना आत घ्यायचं की नाही? रोमच्या मंडळीतला नोव्हेशियन आणि त्याचे अनुयायी नाही म्हणाले, आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी हीच वचनं पुढे केली. अशा वेळी ‘लिहिलं कुणी’ हा प्रश्न विद्वानांच्या बैठकीत राहत नाही. पौलाचं असेल तर दार बंद. नसेल तर निदान फट उरते. लॅटिन मंडळ्या या पत्राला इतका काळ जवळ करेनात त्यामागे हेही एक कारण होतं.

मला त्या भांडणात एका गोष्टीचं फार दुःख होतं. दोन्ही बाजू सहाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबल्यासारख्या वाटतात. नववं वाचावं. काटेकुसळं उगवणारी जमीन, शाप, अग्नी असं सगळं बोलून झाल्यावर लेखक एकदम म्हणतो, प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याबद्दल आमची याहून चांगली खात्री आहे. या हाकेचा शब्द तो अख्ख्या पत्रात फक्त इथेच वापरतो. ज्याच्यावर राग धरावा इतका जीव आहे, त्याला घाबरवून सोडल्यावर लगेच जवळ ओढावं, तसं ते आहे. कायद्याचं कलम म्हणून ज्यांनी ही वचनं वापरली, त्यांना समोरच्या माणसांशी बोलणारा हा आवाज ऐकू आला नाही.

शेवटी तडजोड झाली. ३९७ साली कार्थेजच्या परिषदेने मान्य ग्रंथांची यादी केली त्यात लिहिलं, प्रेषित पौलाची पत्रं तेरा, आणि त्याचंच इब्री लोकांस एक. चौदा असं सरळ लिहायला हात धजला नाही. पुढे चौदा झालीच. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने चौदा मोजली, १६११ च्या इंग्रजी बायबलने शीर्षकातच पौलाचं नाव छापलं, आणि १९१४ मध्येसुद्धा रोमच्या बायबल आयोगाने पौलाचीच बाजू धरली. आता कॅथलिक मिस्सेत हे वाचन पौलाचं नाव न घेता, नुसतं इब्री लोकांस पत्र म्हणून जाहीर होतं.

हस्तलिखितांत हाच हेलकावा दिसतो. इजिप्तमधून आलेली पपायरसची एक जुनी वही आहे, सुमारे २०० सालची. तिची शाबूत पानं आज डब्लिन आणि मिशिगन अशा दोन ठिकाणी वाटली गेली आहेत. पौलाच्या पत्रांच्या त्या वहीत इब्री पत्र रोमकरांस पत्राच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकाला आहे. इतका मान त्याला नंतर कधी मिळाला नाही. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात ते आणखी मागे सरकलं आहे, पण तिथले अध्यायांचे आकडे सांगतात की ज्या प्रतीवरून ही नक्कल झाली तिच्यात ते गलतीकर आणि इफिसकर यांच्या मधोमध होतं. त्याच हस्तलिखितात इब्री पत्राच्या पहिल्याच पानावर, तिसऱ्या वचनाजवळ, समासात एक टिपण आहे. मूळ लेखनिकाने एक शब्द लिहिला होता. नंतरच्या कुणीतरी तो खोडून प्रचलित पाठ घातला. त्याच्याही पुष्कळ नंतरच्या तिसऱ्याने मूळ शब्द परत लिहिला आणि बाजूला खडसावलं, की अरे मूर्खा, दुष्टा, जुनं आहे तसं राहू दे, बदलू नकोस. खरं तर दुरुस्ती करणाऱ्याचा पाठच आज बहुतेक अभ्यासक ग्राह्य धरतात. पण त्या तिसऱ्या, तोही निनावी, माणसाबद्दल मला आदर वाटतो. समोर आहे त्यात आपल्या सोयीचं काही घुसडू नये यासाठी तो भांडला. पौलाचं नाव चिकटवणाऱ्यांना तेव्हा असं कुणी बजावलं असतं तर बरं झालं असतं.

मग कोण? ल्यूथरने अपुल्लोसचं नाव सुचवलं, आणि माझंही मन तिकडेच झुकतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात त्याची ओळख आहे: अलेक्झांड्रियाचा यहूदी, वक्ता, शास्त्रात निपुण. या पत्राच्या लेखकाची जाहिरात द्यायची तर यापेक्षा वेगळं काय लिहावं! शिवाय तो पौलाच्या वर्तुळातला. फक्त त्याने लिहिलेलं एक अक्षरही दुसरीकडे उरलेलं नाही, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही, आणि पहिल्या दीड हजार वर्षांत त्याचं नाव कुणी सुचवल्याचं दिसत नाही.

त्याच अध्यायात, या वक्त्या अपुल्लोसला इफिसमध्ये बाजूला घेऊन ‘देवाचा मार्ग’ अधिक नीट समजावून सांगणारी दोघं भेटतात: प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला. नाव आधी तिचं येतं. १९०० साली जर्मन इतिहासकार आडोल्फ फॉन हार्नाक याने मांडलं की इब्री पत्र मुख्यतः प्रिस्किल्लेचं असावं. ती पौलाच्या जवळची, तीमथ्याला ओळखणारी, रोममध्ये जिच्या घरी मंडळी जमत असे अशी. आणि नाव गळालं याचं कारण ती बाई होती हे. पत्रात मध्येच ‘आम्ही’ आणि मध्येच ‘मी’ येतं, तेही त्याने या जोडप्याशी जुळवून पाहिलं.

हे खरं असावं असं मला किती वाटतं हे लपवत नाही. पण अकराव्या अध्यायात, बत्तिसाव्या वचनात, लेखक म्हणतो की गिदोन, बाराक, शमशोन, इफ्ताह यांची हकिकत सांगू लागलो तर वेळ पुरायचा नाही. त्या सांगणाऱ्याचं रूप ग्रीकमध्ये पुल्लिंगी आहे. स्त्रीलिंगी व्हायला शेवटून दुसरं अक्षर बदलावं लागलं असतं, एवढंच एक. नकलाकाराने ते पुढे बदललं असेल असं म्हणता येतं. पण मग समासातल्या त्या खडसावणाऱ्यासमोर मला उभं राहता येणार नाही. लिहिलेलं आहे ते आहे. हार्नाकने विचारलेला प्रश्न मात्र मला सोडवत नाही, की इतक्या मोठ्या लेखणीचं नाव दोन-तीन पिढ्यांत सगळेच कसे विसरले?

बाईच्या हातून हे पत्र आलं असं निःशंक म्हणता येतं ते मराठीपुरतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, केडगावला, मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातांनी. हाबेलापासून राहाबेपर्यंतची ती विश्वासाची लांबलचक नामावळ रमाबाईंनी शब्दाशब्दाने तोलली असेल, आणि कुणा निराधार मुलीने तिचे खिळे जुळवले असतील, हे मी तो अध्याय उघडला की हटकून आठवते.

तो अध्याय मी मोठ्याने वाचला तो आत्याच्या स्मरणार्थ उपासनेत. विश्वासाने हाबेलाने, विश्वासाने नोहाने, विश्वासाने अब्राहामाने. डोळ्यांनी वाचताना ती यादी वाटते. घरभर माणसं बसलेली असताना वाचलं की कळतं, प्रत्येक ‘विश्वासाने’शी श्वास घ्यायला जागा ठेवली आहे, आणि बत्तिसाव्या वचनानंतर ती जागा मुद्दाम काढून घेतली आहे. राज्यं जिंकली, सिंहांची तोंडं बंद केली, आगीचा जोर मोडला, असे तुकडे एकावर एक येतात, आणि वाचणारीला थांबता येत नाही. हे लिहिणाऱ्याने कितीतरी सभा प्रत्यक्ष हाताळल्या होत्या. दमलेल्या माणसांची चुळबुळ त्याला ठाऊक होती.

आणि ती माणसं दमलेलीच होती. पत्र नीट वाचलं तर नावाखेरीज पुष्कळ काही हाती लागतं. ही मंडळी एके काळी भर चौकात अपमान सोसून राहिली होती. मालमत्ता लुटली गेली तरी आनंदाने राहिली. तुरुंगातल्यांना भेटायला गेली. रक्त सांडायची वेळ मात्र अजून आलेली नव्हती. आता वर्षं उलटली आहेत. काहींनी एकत्र येणंच सोडलं आहे. एव्हाना दुसऱ्यांना शिकवायचं, तर यांनाच पुन्हा दूध पाजायची वेळ आली आहे, असं लेखक रागावून म्हणतो. गळालेले हात आणि लटपटते गुडघे सरळ करा म्हणतो. तो त्यांच्यातलाच आहे, काही कारणाने दूर अडकला आहे, आणि लवकर परत यावं म्हणून प्रार्थना मागतो.

बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने ४१४ साली एका पत्रात लिहिलं, की हे कुणाचं का असेना, काही बिघडत नाही. मंडळीतल्याच माणसाचं आहे आणि मंडळ्यांत रोज वाचलं जातं. पत्र टिकलं ते असं वाचलं गेल्यामुळेच, हे मान्य. पण काही बिघडत नाही, हे मला पटत नाही. ते पौलाच्या खात्यात जमा केलं की पहिल्या शतकातला एक सबंध माणूस पुसला जातो. या पत्रात येणाऱ्या मलकीसदेक या प्राचीन याजकाचं पौलाने नावही काढलं नाही. यज्ञांची, पडद्यांची, महायाजकाच्या रक्ताची भाषा घेऊन ख्रिस्ताचा इतका खोल विचार त्याने केला नाही. तो दुसऱ्या कुणीतरी केला. पौल आणि योहान यांच्या शेजारी बसावं असं एक तिसरं डोकं त्या पहिल्या-दुसऱ्या पिढीत होतं, आणि ते सहज मोठं नाव उसनं घेऊ शकत असतानाही घेत नव्हतं.

आमच्या अभ्यासवर्गात कुणी विचारलं की हे पत्र कुठून वाचायला घ्यावं, तर मी पहिला अध्याय सांगत नाही. दहाव्याचं बत्तिसावं वचन सांगते, पूर्वीचे दिवस आठवा असं जिथे तो म्हणतो तिथून, आणि बारावा संपेपर्यंत थांबू नका म्हणते. मोठ्याने वाचा, आणि शक्य तर आळीपाळीने नको, एकाच आवाजात.